चावडीत जिंकतं कोण

“मसाजीमामा, तुमी समदे रोज हरता, तर मंग जिंकतं कोण?”

एवढं विचारून मनकर्णा पळाली नाही. कमरेवर हात ठेवून चावडीसमोर उभी राहिली. पळाल्या त्या शालू आणि तिच्या मागच्या दोघी-तिघी. खरं तर प्रश्न त्यांचाच होता. शाळेतून येता येता शालूनं डिवचलं होतं, “लई तोंड चालतं ना आताशा तुझं? मग चावडीतल्या हजेरीवाल्यांना इचारून दाखीव. इचारलंस तर खरी पाटलाची लेक!” आणि मनकर्णाला कुणी ‘करून दाखीव’ म्हटलं, की तिच्या अंगात वारं शिरायचं. गेल्या महिन्यात शाळा तपासायला मोहतमीम साहेब आले होते. बाकीच्या पोरी पदर चावत बसल्या आणि हिनं उभं राहून फाडफाड उर्दूत उत्तरं दिली. साहेब “शाबाश” म्हणून गेले. तेव्हापासून तिचा आवाज जो चढला, तो उतरायचं नाव घेत नव्हता. घरात पाणी मागितलं तरी वेशीपर्यंत ऐकू जायचं.

ओट्यावर गोल करून बसलेल्या माणसांनी माना वळवल्या. मग संतराम हसला. हा संतराम एके काळी सेनगावच्या बाजारात लोकांचे खिसे कापायचा. त्याचे वरचे दात पोलिसांनी पाडलेले, त्यामुळं तो हसला की तोंडात नुसता अंधार दिसे.

“जिंकतो की आमी! काल म्या जिंकलो, परवा ह्यो धर्मसिंग जिंकला. व्हय का न्हाई रं?”

“मग जिंकलेलं जातं कुठं?” मनकर्णा म्हणाली. “तुमच्या अंगावर तर त्याच चिंध्या!”

म्हाताऱ्या धर्मसिंगानं बिडी विझवली, उरलेलं थोटूक कानामागं खोचलं आणि खाली बघत म्हणाला, “पाटलाच्या लेकी, ह्ये घरी जाऊन इचार.” आणि मसाजी, ज्याला प्रश्न विचारला होता, त्यानं मान वरसुद्धा केली नाही. तो कवड्यांकडं बघत होता.

मनकर्णाला त्या ओट्याची शिसारी येत असे. भिंतीला माणसाच्या उंचीपर्यंत तंबाखूच्या पिचकाऱ्या वाळलेल्या. कोपऱ्यात थुंकून थुंकून माती काळी झालेली. आणि त्या कवड्या! शेकडो हातांच्या मळानं त्या पिवळ्या पडल्या होत्या, म्हाताऱ्या माणसाचे दात उपटून कुणी तिथं फेकावेत तशा दिसायच्या. माणसं त्या मुठीत घेऊन तोंडाशी न्यायची, त्यांच्याशी कुजबुजायची, कुणी तर त्यांना चाटायचंसुद्धा. आणि तीच कवडी लगेच दुसऱ्याच्या मुठीत.

हे सगळे निगराणीतले. निजामाच्या राज्यात एकदा जेलात जाऊन आलेला माणूस सुटून आला तरी सुटत नसे. रोज ऊन उतरलं की त्यानं चावडीत यायचं, दिवेलागणीला पोलीस पाटलानं नाव पुकारलं की “हाजिर” म्हणायचं. गाव सोडून जायचं, तर पाटलाची रुखसत हवी. न सांगता गेला, तर जवान आलाच मागं. कुणी बैल चोरलेला, कुणी मारामारीत डोकं फोडलेलं. मसाजीनं दुष्काळात एका सावकाराचं पेव रातोरात उकरून जवारी काढली होती. सगळे एकाच ओट्यावर.

आणि खडकमाळचे पोलीस पाटील म्हणजे मनकर्णाचे वडील, तातेराव. आबा.

आबा दिवेलागणीला कधीच वेळेवर येत नसत. आधी चहा व्हायचा, मग पान, मग गोठ्यात एक फेरी, आणि मग पटका बांधून संथ पावलांनी चावडी. तोवर माणसांनी काय करायचं? उठून तर जाता येत नाही, कारण पाटील कधीही येईल. मग कवड्या निघत. चित किती पडतील, पट किती पडतील, यावर डाव. जो जिंकेल त्यानं त्यातलं थोडं कोनाड्यातल्या गाडग्यात टाकायचं, कंदिलाच्या तेलासाठी. ते गाडगं रोज पाटलाच्या घरी जाई. तेवढं तेल खरंच जाळलं असतं, तर खडकमाळात बारा महिने दिवाळी झाली असती.

“काहून गं, हितं काय करून राहिली?”

मागून आबांचा आवाज आला तशी माणसं उठून उभी राहिली. कवड्या कुणी लपवल्या नाहीत. हे मनकर्णाच्या तेव्हा लक्षात आलं आणि खटकलं. शाळेत आशाबाई वर्गात आल्या की पोरी चिंचा लपवतात. इथं चोर उभे, समोर सरकार उभं, आणि मध्ये कवड्या उघड्या पडलेल्या.

“एक सवाल इचारून राहिले होते,” ती म्हणाली.

“सवाल शाळेत इचारावं,” आबा हसून म्हणाले आणि नावं पुकारायला लागले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मागच्या बाभळीखाली सुभद्रा उभी होती. मसाजीची लेक. दोन वर्षांपूर्वी ती मनकर्णाच्या शेजारी बसून पाढे म्हणायची. बाप जेलात गेला तशी मेंढरं तिच्या गळ्यात पडली आणि शाळा सुटली. तरी दुपारच्या वेळी ती कळप घेऊन बाभळीखाली यायची आणि आत काय चाललंय ते कान देऊन ऐकायची. कधी कधी आतल्या पोरींच्या आधी उत्तर बाहेरून यायचं, आणि आशाबाई न बघता म्हणायच्या, “बराबर.”

आज तिला उत्तर द्यायचं नव्हतं. तिनं मनकर्णाचा हात धरून तिला बाजूला ओढलं.

“मने, आमचे समदे भाऊबंद वऱ्हाडात गेले. मेंढवाडे उठले. आमीच तेवढे राहिलो. हितं गवताची काडी उरली न्हाई. बघ की मेंढरांकडं.”

मनकर्णानं बघितलं. मेंढरांच्या फासळ्या लोकरीतून दिसत होत्या. एक मेंढी बाभळीच्या वाळक्या शेंगा हुंगून तशीच उभी होती. मधोमध फक्त एक एडका धडधाकट. त्याची लोकर कधी कातरलेलीच नाही, पार जमिनीवर लोळणारी. कपाळावर भंडारा, शिंगांना लाल फडकं. बिरोबाला सोडलेला एडका तो. धनगराच्या घरी लेकरू मरत मरत वाचलं, की असा एडका देवाला सोडतात. त्याला विकत नाहीत, कापत नाहीत, कातरत नाहीत. कुणाच्याही शेतात शिरला तरी त्याला कुणी काठी मारत नाही. हा एडका सुभद्रा तापातून उठली तेव्हा सोडला होता. म्हणजे तसा बघितला तर सुभद्राच्याच जिवाचा.

“कळप केवढा होता गं तुमचा!” मनकर्णा म्हणाली. “बाकीची कुठं गेली?”

सुभद्रानं नुसतं चावडीच्या दिशेला तोंड केलं. मग म्हणाली, “बापाला रुखसत भेटली तर आमी उद्याच निघू. एकदा का वऱ्हाडात गेला, की कवड्या न्हाई न् काय न्हाई. तिथं त्याला उसंतच नसती. मेंढरांमागं त्यो लई चांगला माणूस असतो, मने. तुझ्या आबाला म्हण ना.”

मनकर्णाला ते खरं वाटलं. लहान असताना ती सुभद्राबरोबर त्यांच्या वाड्यावर चीक खायला जायची. मसाजीमामा दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायचा आणि अख्खा कळप जागच्या जागी थांबायचा. तोच माणूस चावडीत कवड्यांपुढं लाळ गाळत बसतो! चूक हजेरीची. हजेरी सुटली की सगळं सुटलं. तिच्या डोक्यात हिशेब एकदम स्वच्छ बसला.

“तू सामान बांध,” ती म्हणाली. “रुखसत आणली म्हणूनच समज.”

आणि तिनं ती आणली! तेही किती सोपं गेलं. आबा ओसरीवर पान लावत बसले होते. तिनं भाषण तयार करून ठेवलं होतं, मेंढरांच्या फासळ्यांपासून ते इन्साफापर्यंत. अर्ध्यातच आबांनी हात वर केला.

“कुणाला? मसाजीला? दिली.”

“दिली?”

“दिली की. सांग त्याला, होळीपोतर कुठं बी हिंड. जवानाला म्या सांगतो.” पानाला चुना लावता लावता ते माजघराकडं बघून हसले, “ऐकलंस का? पोरगी वकील व्हनार तुझी.”

आत पार्वतीबाई, मनकर्णाची माय, भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. “खरंच सोडून राहिले त्याला?”

“म्या कुठं धरलंय?” आबांनी पान तोंडात सारलं. “जाऊ दे. जातो का बघू.”

मनकर्णानं ते शेवटचं वाक्य ऐकलं, पण ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिला उड्या मारायच्या होत्या. ती पळत सुटली ती थेट धनगरांच्या मेंढवाड्यावर, आणि लांबूनच ओरडली. कौशल्याबाई, सुभद्राची आई, दगडावर मीठ वाटत होती. तिनं वर बघितलं, हात जोडले की तोंड झाकलं हे कळलं नाही. मसाजी झोपला होता. त्याला उठवून सांगितलं, तर तो थोडा वेळ नुसता डोळे चोळत बसला. मग म्हणाला, “पाटलानं? आपल्या तोंडानं?” आणि हसला. त्या हसण्यात जुना मसाजीमामा क्षणभर दिसला, आणि मनकर्णाला वाटलं, आपण एका माणसाला जिवंत केलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी घोडं लादलं गेलं. तट्टूच्या पाठीवर पालाच्या काठ्या, भांडी, कोंबड्यांचं खुराडं, आणि सगळ्यांत वर एक दुबळं कोकरू. ऊन उतरलं की निघायचं, म्हणजे कळप ओढ्यापलीकडं मुक्कामाला पोचतो. शाळा सुटल्यावर मनकर्णा त्यांना वाटं लावायला ओढ्यापर्यंत आली. कौशल्याबाई होती. सुभद्रा होती. कळप होता.

“मामा कुठाय?”

“येऊन राहिला,” सुभद्रा म्हणाली. “संगातल्यांना राम राम करून येतो म्हणला. एवढे दिवस संगं बसले...”

बाभळींच्या सावल्या लांब झाल्या. कोकरू ओरडत होतं. कौशल्याबाईनं घोड्याचा कासरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. सुभद्रा कळपातून एकदा फिरली आणि जागच्या जागी उभी राहिली.

“आये, एडका कुठाय?”

दोघी पोरी चावडीकडं पळाल्या.

ओट्यावर नेहमीसारखा गोल होता. फरक एवढाच, की बाकीच्यांना तिथं बसणं भाग होतं आणि मसाजीला नव्हतं. सगळ्या गावात आज मोकळा असलेला तो एक निगराणीवाला, आणि तो सगळ्यांत आत, कवड्यांना नाक टेकेल इतका वाकून बसला होता. कपाळावरून घाम नाकावर येऊन थेंबाथेंबानं मातीत पडत होता. ओट्याच्या खांबाला एडका बांधलेला. आणि आज आबा वेळेआधी आले होते. बाजेवर एक पाय दुमडून ते गवताच्या काडीनं दात कोरत बसले होते.

“बा!” सुभद्रा ओरडली. “त्यो बिरोबाचा हाय!”

“म्हून तर!” मसाजीनं मान वळवली. डोळे लाल, पण आवाजात एक भलतीच खुशी. “माझं नशीब फुटकं हाय पोरी, मालूम हाय मला. माझं काय बी लावलं तर हरतं. पर ह्यो माझा हाय का? ह्यो देवाचा! देवाचं कसं हरंल? आतापोतर गेलेली समदी मेंढरं ह्या एका डावात माघारी येतील. मंग जाऊ की वऱ्हाडात, भरल्या कळपानं जाऊ!”

धर्मसिंग पुटपुटला, “मसाजी, आरं जा. रुखसत भेटलीया तुला. मला भेटली असती तर...” पण बोलता बोलता त्यानंही अंग पुढं सरकवलं, कवड्या नीट दिसाव्यात म्हणून.

मनकर्णानं आबांकडं बघितलं. आबांनी एक शब्द काढला असता, तर तो डाव मोडला असता. आबांनी काडी फेकली आणि दुसरी घेतली.

मसाजीनं कवड्या मुठीत घेतल्या, कपाळाला लावल्या, एडक्याच्या कपाळावरचा भंडारा बोटानं पुसून त्यांच्यावर चोळला आणि “बिरोबाच्या नावानं चांगभलं” म्हणून फेकल्या.

त्या खडखडल्या, घरंगळल्या, थांबल्या. मसाजी त्या पुन्हा पुन्हा मोजत राहिला. एवढ्यावरून कळलं.

संतरामनं दोन्ही हातांनी मांड्या बडवल्या. त्याचा दात नसलेला जबडा आनंदानं वासला. “आला रं आला!” तो उठला, नाचला, खांबाचा दोर सोडला, आणि एडक्याला ओढत नेऊन, जराही न थांबता, त्यानं तो दोर आबांच्या बाजेच्या खुराला बांधला.

मनकर्णाला काही कळेना. “संतरामकाका, जिंकलात ना तुमी? मग घरी न्या की!”

“येडी का खुळी!” संतराम दम खात हसला. “निगराणीतल्या माणसाच्या दारात एडका? सकाळच्याला जवान इचारंल, कुठून आणला? जुगारात म्हणावं तर जेल. इकत घेतला म्हणावं तर ‘तुझ्याकडं पैका कुठला’ म्हणून जेल. म्या म्हणजी चोर. माझ्या दारात काय बी आलं की ते चोरीचं. पाटलाच्या गोठ्यात बांधलं, की कुणी इचारत न्हाई.”

“मग तुमाला काय मिळालं?”

संतरामनं विचार केला. खरंच विचार केला. कपाळाला आठी पडली. “पाटील तंबाखू देत्यात,” तो म्हणाला. “एखाद्या दिसाची हजेरी माफ करत्यात. आन् उद्याच्याला डावात बसू देत्यात.”

ओट्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या, जणू एखादा वाजवी व्यवहार सांगितला गेला होता.

शालूच्या प्रश्नाचं उत्तर बाजेवर बसून दात कोरत होतं. मनकर्णाला आपल्या गोठ्यातलं एक एक जनावर आठवायला लागलं. फाटक्या कानाची शेळी, जिचं दूध ती रोज सकाळी प्यायची. काळी गाय. माजघरातली पितळी घागर. सगळं ‘बाजारातून आणलेलं’. आबा कधीच कवड्यांना हात लावत नसत. त्यांना लावायची गरजच नव्हती. कुणीही जिंको, जिंकलेलं चालत त्यांच्याच दारात येत होतं. आणि म्हणूनच त्यांना मसाजीला रुखसत द्यायला पानाला चुना लावण्याइतकाही वेळ लागला नव्हता.

कौशल्याबाई घोड्यासकट चावडीपुढं येऊन उभी होती. कधी आली, कुणी बघितलं नाही.

“रुखसत भेटली न्हवं?” तिनं नवऱ्याला विचारलं. आवाज अगदी साधा.

“तू हो फुडं,” मसाजी तिच्याकडं न बघता म्हणाला. “म्या येतोच मागून. एक डाव. आता नशीब फिरनार, माझ्या हाताला कळतंय.” आणि तो आपल्या कमरेभोवती हात फिरवून लावायला आणखी काही आहे का, ते चाचपू लागला. त्याचे हात स्वतःच्याच अंगावर चोरासारखे फिरत होते. ते बघून मनकर्णा एक पाऊल मागं सरली. याच माणसाला आपण काल जिवंत केलं म्हणालो!

कौशल्याबाई ओट्याजवळ आली. ओटीतून भंडाऱ्याची पुडी काढली आणि एडक्याच्या कपाळावर, जिथं मसाजीनं पुसलं होतं तिथं, पुन्हा भंडारा लावला. मग चावडीच्या पायरीवर थुंकली, नवऱ्यावर नाही, पाटलावर नाही, पायरीवर, आणि कासरा ओढून चालायला लागली.

मनकर्णा सुभद्राच्या मागं धावली. “सुभे! सुभे, मी आबांना सांगते...”

“तू सांगितलंस ना काल,” सुभद्रा म्हणाली. ती थांबली नाही. “रुखसत तू आणलीस, आन् एडका तुझ्या गोठ्यात गेला. आता काय आणतीस?”

घोड्याच्या पाठीवरचं कोकरू बराच वेळ ऐकू येत राहिलं.

मनकर्णा घरी आली तेव्हा एडका अंगणात बांधलेला होता. त्याच्यापुढं कडबा पडला होता आणि तो त्याला तोंड लावत नव्हता. माय दाराशी उभी राहून त्याच्याकडं बघत होती.

“देवाचा दिसतो हो ह्यो,” ती म्हणाली.

“देवाचा व्हता,” आबा पटका खुंटीला अडकवत म्हणाले. “चांगला भरलाय. उद्या ठाण्याचे अमीन साहेब जेवाया येनार हायेत. मागच्या बारीला साहेबांनी लई तारीफ केली तुझ्या हाताची.”

मागच्या बारीला! मनकर्णाला ते जेवण आठवलं. अमीन साहेब ओसरीवर बसले होते आणि ती आत, चुलीपाशी. तिनं नळी मागून घेतली होती. ती आपटून आपटून, चोखून चोखून खाल्ली होती, आणि आणखी एक मागितली होती. हनुवटीवरून तेलकट रस्सा ओघळला तो तिनं मनगटानं पुसून मनगटही चाटलं होतं. ते कुणाचं होतं? कौशल्याबाईचं? धर्मसिंगाच्या घरचं? तिच्या तोंडात एकदम कडू पाणी आलं. ती मोरीकडं धावली आणि भडाभडा ओकली. दुपारची भाकरी पडली, सकाळचं दूध पडलं, पोटात काही उरलं नाही तरी उमाळे येत राहिले. माय तिची पाठ चोळत होती. “काय खाल्लंस गं? उन्हाची हिंडली का?”

मनकर्णानं चूळ भरली. तोंड पदरानं पुसलं आणि अंगणात आली.

“आबा, तुमी मसाजीमामाला मुद्दाम सोडलं.”

“सोडलं. तूच म्हणली ना?”

“तुमी रोज हजेरीला मुद्दाम उशिरा जाता.”

आबांचं हसू जरा आखडलं. पण आवाज चढला नाही. आपल्या लाडक्या लेकीला अवघड गणित समजावून सांगावं तसे ते म्हणाले, “हे बघ मने. म्या कुणाच्या हातात कवडी दिली? त्येंच्या हातानं फेकत्यात. आज त्याला कुणी धरलं व्हतं? वाट मोकळी, बायकू घोडं लादून उभी, रुखसत तोंडी दिलेली. गेला असता तर म्या अडवला असता का? ही जात... ही माणसंच अशी. चोरीनं न्हाई तर जुगारानं, घालवायचंच त्यांना. ते रस्त्यात घालवण्यापरीस माझ्या गोठ्यात आलं, तर कुणाला तकलीफ?”

अडवला नसता. हे खरं होतं, आणि मनकर्णाला त्याचीच सगळ्यात जास्त किळस आली. मसाजीमामा आपल्या पायानं आत गेला होता, आणि आबांना तो जाणार हे आधीच माहीत होतं. जसं लांडग्याला माहीत असतं, की मेंढरू शेवटी पाण्याकडं येणार, तसं. आणि तिला वाटलं होतं, आपल्या भाषणानं हे झालं.

एडक्यानं डोकं वर केलं. त्याच्या लोळणाऱ्या लोकरीत चावडीची थुंकीनं भिजलेली माती अडकली होती. मनकर्णा त्याच्याजवळ गेली, खाली बसली आणि बोटांनी ती माती एक एक करून काढायला लागली. हाताला घाण लागत होती. तिनं पुसली नाही.

“आत चल,” माय म्हणाली. “दिवा लावायचाय.”

“कशाच्या तेलाचा?” मनकर्णा म्हणाली. पार्वतीबाईनं नवऱ्याकडं बघितलं, आणि मग कुणाकडंच नाही.

मनकर्णा उठून उभी राहिली. शाळेत उभी राहायची तशी, पाठ ताठ करून. पण आवाज मात्र आज चढला नाही. उलट इतका खाली होता, की ऐकायला आबांना एक पाऊल पुढं यावं लागलं.

“माय, आबा, ऐका. उद्या उजाडलं की मी ह्या एडक्याला सोडून घेऊन जाणार. परसातल्या वाटेनं न्हाई. बाजारातून, चावडीपुढून, वेशीतून. कौशल्यामामीचा मुक्काम ओढ्यापलीकडं असंल, तिथपोतर जाणार आणि सुभीच्या हातात दोर देणार. ती माझ्याशी बोलली न्हाई तरी देणार. वाटेत जो इचारील, कुणाचा एडका, त्याला सांगणार, बिरोबाचा. कुठं बांधला व्हता, म्हणला, तर सांगणार, आमच्या दारात. कसा आला, तेबी सांगणार, समदं, जसं आज बघितलं तसं. अमीन साहेब वाटंत भेटले, तर त्यांनाबी. आणि आबा, तुमाला मला अडवायचं असंल, तर आता घरात अडवू नका. उद्या वेशीत अडवा, समद्या गावासमोर.”